पेन्सिलीचं टिंब

छाटणीचे दिवस आले की दिंडोरी रोडला एक आवाज लागतो. म्हसरूळ मागे पडतं, दुकानं संपतात, आणि दोन्ही अंगांच्या द्राक्षबागांतून कात्र्यांची कचकच सुरू झालेली असते. एसटीच्या खडखडाटात ती ऐकू येणं शक्य नाही, हे मलाही कळतं. तरी मला ती ऐकू येते. बावीस वर्षं या रस्त्याने जाऊन-येऊन माझे कान बिघडले असावेत. आठवडाभरात हिरव्यागार बागा उघड्या पडतात, छाटलेल्या काड्यांचे भारे बांधावर रचले जातात, डोक्याला फडकी बांधलेली माणसं ओळीओळीने पुढे सरकताना दिसतात. कुठेतरी फवारणीचा ट्रॅक्टर घोंघावत असतो आणि त्याचा घशाला लागणारा वास बसमध्ये शिरतो. कंडक्टर खिडक्या लावायला सांगतो. मी माझी लावत नाही.

पूर्वी हा हंगाम मला आवडायचा. यंदा तो सुरू झाला तसा नकोसा वाटला. गेल्या वर्षीची छाटणी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. काय चुकलं, कुणाचं चुकलं, मुळात चुकलं का, यातलं काहीच मला नीट सांगता येत नाही. गंगापूर रोडवरची माझी शेजारीण म्हणते, लिहून काढ, मोकळी होशील. म्हणून बसले आहे. मोकळी होईन असं काही दिसत नाही.

मी दिंडोरीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. भूगोलाच्या बाईला बदलाची भीती वाटू नये. डोंगर झिजतात, नद्या पात्रं बदलतात, हे मी फळ्यावर हजार वेळा काढून दाखवलं आहे. पण डोंगर झिजायला लाखो वर्षं घेतो आणि मध्ये कुणाला अहवाल पाठवत नाही. आमचं कॉलेज एका उन्हाळ्यात बदलायचं होतं. नवं धोरण आलं होतं. वर्ष जाऊन सत्रं आधीच आली होती. आता मुख्य विषयाचा मेजर आणि जोडविषयाचा मायनर झाला, मार्कांच्या शेजारी क्रेडिट येऊन बसले, आणि प्रत्येक मुलाने स्थानिक गरजेचं एक कौशल्य शिकायचं ठरलं. हे सगळं कसं आणायचं याचा ‘बदलाचा आराखडा’ प्रत्येक कॉलेजने लिहून द्यायचा होता. त्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला. आमच्याकडे जो प्रश्न विचारतो त्याच्या गळ्यात समिती पडते. मी समितीची प्रमुख झाले.

खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं होतं. बावीस वर्षं त्याच त्या नोट्स, त्याच त्या नकाशांच्या गुंडाळ्या, मागच्या बाकांवर तीच ती पेंग. काहीतरी हलतंय याचा आनंद होता. एप्रिल-मे मी पंख्याखाली बसून आराखडा लिहिला. चाळीस पानं झाली. त्या चाळीस पानांत सहासात वेळा तरी ‘विद्यार्थी केंद्रस्थानी’ असं लिहिलेलं आहे.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले आणि केंद्रस्थानचे विद्यार्थी आईबापांना घेऊन माझ्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले. सटाण्याकडून आलेले एक गृहस्थ मला अजून आठवतात. मुलगा इथे मामाकडे राहणार होता. पांढरी टोपी, खिशाला पेन, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे दाखले. मी त्यांना मेजर, मायनर, खुला विषय, कौशल्याचा विषय असं सगळं बोटं मोजून समजावलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि मग मुद्द्याचं विचारलं, “बाई, मना पोऱ्या आर्ट्समा शे का कॉमर्समा?”

मी म्हटलं, “तसं आता नसतं काका. मेजर आर्ट्सचा, मायनर कॉमर्सचा. दोन्हीकडे थोडा थोडा.”

त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मंग पुरा कोठे शे?”

रांगेतली माणसं हसली, मीही हसले. आणि मी पुढच्याचे दाखले हातात घेतले. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी स्वतःशीच तो प्रश्न घोळवत होते. पुढचे सहा महिने आमच्या कॉलेजातलं कुणीच कुठे पुरं नव्हतं. सकाळी दहाला वर्गात मुलं असायची तर मास्तर नसायचा, अकराला मास्तर असायचा तर वर्गच सापडायचा नाही. वेळापत्रक इतक्या वेळा बदललं की फळ्यावर चिकटवलेल्या कागदांचा थर बोटभर जाड झाला. शिपाई मला विचारायचा, “मॅडम, घंटा कोणत्या वेळापत्रकाची वाजवू?” मी सांगायचे, “वाजव कुठलीही.” नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आमचे नव्वद झाले तरी नवं जुनं होईना.

पण मला सांगायचं आहे ते टिंबाबद्दल.

आमच्या कॉलेजात निम्मी मुलं बागाईतदारांच्या घरची, आणि बरीचशी पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून आलेली. त्यांची घरं वर भात-नागली पिकवतात आणि छाटणी लागली की खाली दिंडोरीच्या बागांत कामाला उतरतात. मुलंही उतरतात. महिना-दीड महिना वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. याला काय करायचं हे मी नोकरीला लागले तेव्हापासून ठरलेलं होतं. मस्टरमध्ये हजर असेल त्याला पी, गैरहजर असेल त्याला ए, आणि बागेत गेला असेल त्याला पेन्सिलीने एक टिंब. हंगाम संपला की मूल परत यायचं, आठपंधरा दिवस जादा बसायचं, वही पूर्ण करून दाखवायचं, आणि मग आम्ही टिंबावर शाईने पी काढायचो. वही दाखवली नाही तर ए. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मला ते आमचे मुख्य कारकून नाना यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. “मॅडम, पेन्सिल ठेवत जा,” ते म्हणाले होते, “शाईनं समदीच माणसं लिवता येत नाय.”

बावीस वर्षांत मी किती टिंबं दिली असतील देव जाणे. त्यातली फार थोडी ए झाली. एक टिंब आज पोलिसात आहे, एक टिंब आश्रमशाळेत मुख्याध्यापिका आहे.

आराखड्याच्या नमुन्यात एक रकाना होता: ‘संस्थेत रूढ असलेल्या चांगल्या प्रथा’. मी त्यात वृक्षारोपण लिहिलं, भित्तिपत्रक लिहिलं, माजी विद्यार्थ्यांचा मेळावाही लिहिला, जो आम्ही एकदाच घेतला होता आणि त्याला अकरा जण आले होते. टिंब लिहिलं नाही. विसरले म्हणावं तर विसरले नव्हते. पेन हातात घेऊन चांगली दहा मिनिटं त्या रकान्याकडे बघत बसले होते. मला लाज वाटली. बाहेरून कुणी तपासायला येणार, त्यांना काय सांगायचं, की आम्ही बागेत गेलेल्या मुलांना वर्गात दाखवतो? आज वाटतं, लिहायला हवं होतं. लगेच दुसरं वाटतं, लिहिलं असतं तर पहिल्याच बैठकीत बंद करायला लावलं असतं. लिहावं तर टिंब मरतं, न लिहावं तरी मरतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं म्हणतात, तशातली गत.

उलट मी काय लिहिलं, तर हजेरी मोबाइलवरच्या ॲपमध्ये घेतली जाईल, ती फक्त कॉलेजच्या आवारातच घेता येईल, आणि एकदा नोंदवलेली हजेरी कुणालाही, अगदी प्राचार्यांनाही, बदलता येणार नाही. हे कलम माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. कारण टिंबाला एक दुसरी बाजूही होती. गावातल्या बड्या घरांची काही पोरं गाडी उडवत फिरायची आणि बापाचा फोन आला की त्यांच्याही नावापुढे टिंब पडायचं, आणि वही न बघताच त्याचं पी व्हायचं. मी त्यावर भांडले होते. माझ्या कलमाने ते बंद झालं, हेही तितकंच खरं आहे. म्हणून तर डोकं चालत नाही. कलम वाईट असतं तर किती सोपं झालं असतं.

आणि कौशल्याचा विषय म्हणून मी सुचवला होता ‘द्राक्षबाग व्यवस्थापन’. दोन क्रेडिट. प्राचार्य सर खूश झाले होते. दिंडोरीत याहून स्थानिक गरज कुठली? विषय आठ आठवड्यांचा, थोडी व्याख्यानं, बाकी प्रत्यक्ष बागेला भेटी. मी तो बरोब्बर छाटणीच्या आठ आठवड्यांत बसवला. छाटणी शिकवायची तर छाटणी चालू असतानाच शिकवायला हवी, एवढी अक्कल मला होती. छाटणी चालू असताना छाटणारे कुठे असतात, एवढी नव्हती.

हिरा भोये दुसऱ्या वर्षाला होती. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वर्गात कधी बोलायची नाही, पण नकाशा काढायला लागली की सगळ्यांनी वाकून बघावं असा हात. कॉलेजजवळच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. तिथे नियम असा की सगळे विषय सुटून वर्ष पुरं झालं तरच जागा टिकते. त्या जागेवर तिचं सगळं उभं होतं. पाड्यावरून रोज येणं शक्यच नव्हतं. दसऱ्याच्या आधी ती मला जिन्यात भेटली. “मॅडम, उद्यापासनं आयेसंगं बागंत जाते. आयेला जोडी नाय.”

बागेत काम जोडीने चालतं. एक जण पुढे काडी छाटत जातो, दुसरा मागून काडीवरच्या डोळ्यांना, कोंब फुटायच्या जागांना, औषधाची पेस्ट लावत येतो, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. मुकादम जोडीच बघतो, एकट्या बाईला घेत नाही. हिराचा बाप भाताला थांबला होता. मला यातलं सगळं ठाऊक होतं. मी बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, “जा. आल्यावर वही दाखव.”

ती गेली. मी वर्गात जाऊन माझ्या जुन्या मस्टरात तिच्या नावापुढे टिंब दिलं. हो, मी कागदाचं मस्टर ठेवत होते. ॲप घ्यायचे आणि मस्टरही. कुणी विचारलं तर सांगायचे, वीज गेली तर असावं. ॲपला विजेशी काही देणंघेणं नाही, हे मला सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

पहिल्या भेटीचा दिवस. सकाळी आठला कॉलेजच्या अंगणात सगळी मुलं बसमध्ये बसवली, ॲपमध्ये एकेकाच्या नावावर बोट ठेवून हिरवं केलं, आणि वणीच्या अंगाला आठनऊ किलोमीटरवर असलेल्या एका बागेत गेलो. बागेचे मालक जुने ओळखीचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मुलांना पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या, त्यावर विषयाचं नाव छापलेलं. फोटो काढले. मग अण्णा म्हणाले, “चला, प्रत्यक्ष बघा,” आणि आम्हाला ओळींमध्ये घेऊन गेले.

तिसऱ्या ओळीत हिरा होती. नाकातोंडावर ओढणी, हातात रबरी मोजे, मोज्यांवर लाल पेस्टचे डाग. पुढे तिची आई कात्री चालवत होती. आमची पलटण बघून आई थांबली, हिरा थांबली नाही. मुलांनी तिला ओळखलं आणि कुजबुज झाली.

अण्णांना काय माहीत. ते म्हणाले, “ए पोरी, जरा दाखव बरं या कॉलेजवाल्यांना. मी बोलीन ते भाषण हुईल.”

हिराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने आईच्या हातून कात्री घेतली आणि काडी धरून दाखवली. किती डोळे ठेवायचे, जाड काडीला किती, बारीक काडीला किती, काप तिरका का द्यायचा, पेस्ट शेवटच्या डोळ्यांना का आणि खालच्याला का नाही. वर्गात वर्षभर ज्या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता ती सलग पंधरा मिनिटं बोलली. मुलं वहीवर उतरवून घेत होती. पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या वह्यांना मी चांगले गुण दिले, आणि सगळ्या वह्यांत एकच मजकूर होता, हिराचा.

अण्णा बाजूला मला म्हणाले, “मॅडम, काय कापायचं ते कुनीबी सांगंल. काय ठिवायचं ते कळाया लागतं. ही पोर शानी हाय.”

निघताना हिरा ओळीच्या टोकापर्यंत आली. ओढणी खाली करून हळूच म्हणाली, “मॅडम, आज माझी हजेरी लागंल का?”

मला हसू आलं. इतकी हजर मुलगी मी त्या सत्रात दुसरी पाहिली नव्हती. “लावते की,” मी म्हणाले. फोन काढला. आवाराबाहेर होतो, ॲपमधली सगळी नावं राखाडी पडली होती, बोट ठेवलं तरी हलेनात. मग मी पिशवीतून मस्टर काढलं आणि त्या दिवसाच्या रकान्यात तिच्यासमोरच पेन्सिलीने टिंब दिलं. तिने ते पाहिलं. तिचा चेहरा निवळला. तिच्या आधीच्या सगळ्या पोरापोरींनी तिला सांगितलेलं असणार की टिंब पडलं म्हणजे काळजी नाही.

तो निवळलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाकी सगळं मी कुणाच्या ना कुणाच्या माथी मारू शकते.

दिवाळीनंतर परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी लागली. बाकीचे विषय जुलैपासून चालू होते, त्यांत ती कशीबशी तरली होती. द्राक्षबाग व्यवस्थापनात तिच्या नावापुढे एकही हिरवी खूण नव्हती. मी यादी घेऊन ऑफिसात गेले. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, मशिनीला टिंब कळत नाय. एक तर हाय, नायतर नाय.”

“मग नाना, आता?”

“डॉक्टरचा कागद आणायला सांगा पोरीला. ताप व्हता म्हना. आजारपनाला सवलत हाय, तुमच्याच आराखड्यात हाय.”

होती. आजारपण होतं, खेळाच्या स्पर्धा होत्या, शिबिर होतं, घरातला मृत्यू होता. कामाला जाणं नव्हतं. ती यादी लिहिताना मी शेजारच्या कॉलेजची यादी समोर ठेवली होती.

प्राचार्य सरांकडे गेले. सर चांगले गृहस्थ आहेत, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की त्यांच्यामुळे झालं. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आराखडा उघडला आणि कलम माझ्यासमोर ठेवलं. ‘एकदा नोंदवलेली हजेरी...’ खाली समितीप्रमुख म्हणून माझी सही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सर म्हणाले, “मॅडम, हिच्यासाठी उघडलं तर कुणाकुणासाठी उघडू? तुम्हीच भांडला होतात.” मी भांडले होते. चहा तसाच राहिला.

शेवटी मी हिराला बोलावलं आणि तिला खोटं बोलायला सांगितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याला पहिल्यांदा. कॉपी करू नका म्हणून ओरडणारी मी, तिला म्हणाले, “ताप होता असा डॉक्टरांचा कागद आण. बाकी मी बघते.”

ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. पेस्टचा लालसर रंग नखांच्या कोपऱ्यांत अजून होता. मग म्हणाली, “पण मॅडम, मला ताप नव्हता. मी बागंत होते. तुमीच पाहिलं ना.”

“अगं, बागेत होते असं लिहायला रकाना नाही.”

“विषय तर बागेचाच हाय ना?”

मी भूगोल शिकवते, मला नकाशावर एका जागी दोन गोष्टी दाखवता येतात. पण ती एकाच वेळी बागेत आणि वर्गात होती, हे मला कुठल्या कागदावर दाखवता येईना. ती म्हणाली, मी विचारून सांगते, आणि परत आली नाही. कागद तिने आणलाच नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, ज्या मुलांनी तिचं बोलणं उतरवून घेतलं होतं ती सगळी पास झाली. जूनमध्ये वसतिगृहाची यादी लागली, त्यात हिराचं नाव नव्हतं.

मला राग येतो. पण राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. धोरणावर ठेवावा तर त्यात स्थानिक कौशल्याला मान देण्याचीच गोष्ट आहे; आमच्या पोरांच्या हातातल्या कलेला क्रेडिट मिळावं असं कुणीतरी चांगल्या मनानेच म्हटलं असेल. ॲपवर ठेवावा तर ते खोटं बोललं नाही. हिरा आवारात नव्हतीच. स्वतःवर ठेवते, तर तो दोन दिवस टिकतो, तिसऱ्या दिवशी मीच माझी समजूत काढते की बाई, तू भल्यासाठीच केलंस. हीच माझी सर्वांत वाईट खोड आहे.

यंदा जुलैत मी समितीला पत्र दिलं. कामाला गेलेल्या मुलांसाठी रकाना हवा, आणि विषय छाटणीतून काढून दुसरीकडे बसवायला हवा. पत्राची नोंद झाली. विषय पुढच्या वर्षी हलेल असं सर म्हणतात, रकान्याचा विचार चालू आहे. त्याच आठवड्यात हिरा दिसली. फॉर्म भरायला आली होती, राहिलेला तेवढा विषय पुन्हा देण्यासाठी. मी रकान्याबद्दल उत्साहाने सांगायला गेले, तर ती म्हणाली, “मॅडम, त्यात माझं नाव नका घालू. मंग समद्यांना कळतं कोन मजुरीला जातं.” टिंबाचं तसं नव्हतं. पेन्सिल होती, बाहेरून कुणाला दिसत नव्हती. म्हणजे रकाना केला तरी पंचाईत. मी पुन्हा होते तिथेच.

“मग राहशील कुठे?” मी विचारलं.

“आये बागंत आली की तिच्याबरूबर. खोपीत. विषय आठच आठवड्याचा हाय ना.”

परवा गुरुवारी यंदाची पहिली भेट होती. तीच बाग, अण्णांनी होकार आधीच दिला होता. सकाळी पावणेआठला मी अंगणात पोचले तेव्हा हिरा फाटकापाशी उभी होती. चपला धुळीने पांढऱ्या झालेल्या, डोक्यावर नीट धुतलेली विषयाची टोपी, कुणाकडून तरी मागून घेतलेली. मी म्हटलं, “इतक्या लवकर कशी आलीस?”

“निम्मी वाट चालत आले. मंग दुधाची गाडी भेटली.”

“कुठून?”

तिने बागेचं नाव सांगितलं. अण्णांच्या.

खोपी अण्णांच्या बागेत होती. ती तिथून पहाटे उठून आठनऊ किलोमीटर कॉलेजात आली होती, कारण आठ वाजता आवारात तिच्या नावावर बोट ठेवलं जाणार होतं. आणि आता आम्ही तिला बसमध्ये बसवून तिथेच घेऊन जाणार होतो. मी फोन काढला. हिरा भोये. हिरवं झालं. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. “झालं?” तिने विचारलं. झालं म्हटल्यावरच ती बसमध्ये चढली.

बागेत अण्णांनी तिला टोपीत बघितलं आणि मोठ्याने हसले. “हिला काय शिकवता मॅडम? हीच तुमाला शिकवंल.” यंदा अण्णा स्वतःच बोलले, त्यांनी गेल्या वर्षी म्हटलं होतं तसं भाषण झालं. हिरा इतर मुलांत उभी राहून खाली मान घालून लिहून घेत होती. काडीला किती डोळे ठेवायचे ते. दोन ओळी पलीकडे तिची आई छाटत होती. मागून पेस्ट लावायला जोडी म्हणून एक म्हातारी घेतली होती, तिचा हात भरभर चालत नव्हता, त्यामुळे आई काही काड्या छाटायची आणि मागे येऊन थोडी पेस्ट स्वतःच लावायची. हिरा लिहिता लिहिता दर थोड्या वेळाने तिकडे बघत होती. एकदा तिचे पाय त्या ओळीकडे वळलेही. मग ती परत जागेवर आली.

मी आईजवळ गेले. तिनेच विचारलं, “पोरीची हजेरी लागली ना, बाई?”

“लागली,” मी म्हणाले.

“चांगला झाला,” ती म्हणाली आणि कात्री पुन्हा चालू केली.

साडेअकराला निघालो. परतीची हजेरीही आवारातच घ्यायची असते, दोन्ही लागल्या तरच भेट धरली जाते. हेही माझंच कलम, मुलं अर्ध्यातून घरी पळू नयेत म्हणून. बस बागेच्या कडेने रस्त्याला लागली. वळणावर त्यांची खोपी आहे. निळी ताडपत्री, बाहेर तीन दगडांची चूल, दोरीवर वाळत घातलेला हिराचा कॉलेजचा दुसरा ड्रेस. ती माझ्या शेजारी बसली होती. आता आठनऊ किलोमीटर कॉलेजात जायचं, बोट ठेवून घ्यायचं, आणि उन्हातून मिळेल त्या गाडीने नाहीतर पायी याच चुलीपाशी परत यायचं.

माझ्याने बघवेना. पिशवीत मस्टर होतं, पेन्सिल होती. मी तिला म्हणाले, “हिरा, उतर तू इथेच. आईला मदत कर जा. मी बघते हजेरीचं.” आणि ड्रायव्हरला हाक मारायला उठले.

तिने माझा दंड धरला. घट्ट धरला, कात्रीवरचा हात तिचा. कधी न बोलणारी मुलगी सगळ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, “नका थांबवू मॅडम. या वर्षी टिंब नका देऊ.”

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, थांबायचंय का?”

“नाही,” मी म्हणाले. “चला.”